एक मूठ जुनी

२ मार्च

ताई,

पत्र फाडू नकोस. निदान पहिलं पान वाच, मग फाड. माझा फोन नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून टपालानं येते आहे.

काल शेंगा मोजल्या.

सकाळी सातला आम्ही मळ्यावर होतो. चाळीस बायका, त्यांची गटप्रमुख, एक दुभाष्या, मी, आणि माझी प्रयोगशाळेतली सहायक. तिला सगळे भिंग म्हणतात. तिच्या गळ्यात दोरीनं भिंग लटकलेलं असतं, आणि ती माणसांकडेही त्यातूनच बघते असं वाटतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तिच्या. मला ‘बाई’ म्हणते आणि माझं काहीही ऐकत नाही.

वाफे सोळा. आठांत साधी चवळी, आठांत माझी, प्रयोगशाळेत जनुक बदललेली. पाट्यांवर फक्त आकडे, बाकी काही नाही. मी गटप्रमुखाला म्हटलं, तुम्हीच शोधा.

उंच बाई आहे. कमरेवर हात ठेवून तिनं आधी मला पाहून घेतलं, मग वाफ्यांना. पहिल्या वाफ्यातली शेंग तोडून अंगठ्यानं उकलली. आत अळी, दाण्याच्या जागी भुसा. फेकली. दुसरी उकलली, तीच गत. पाचव्या वाफ्यात तिनं शेंग उकलली आणि थांबली. आणखी एक उकलली. आणखी चार. मग मागे वळून तिनं ओरडून काहीतरी सांगितलं आणि चाळीसच्या चाळीस बायका वाफ्यात घुसल्या.

मी दुभाष्याला विचारलं, “काय म्हणाली?”

“म्हणाली, या गं, इथं कुणी भाडेकरू नाही.”

साध्या वाफ्यांत दहातल्या सात शेंगा पोखरलेल्या. माझ्या वाफ्यांत शंभरात एक, तीही वरवर. अळीनं चावा घेतला आणि तिथेच मेली. एकदाही फवारणी नाही, ताई. पाठीवर पंप नाही, डोळ्यांची आग नाही, फवारलेल्या हातांनी जेवणं नाही.

मग प्रश्न सुरू झाले. “बी पुढच्या वर्षाला ठेवता येईल?” येईल. “शेजारणीला देता येईल?” येईल, सरकारी संस्थेचं आहे, कुणा कंपनीचं नाही. “मग तुम्हाला काय मिळतं?” यावर सगळ्या हसल्या. मी म्हटलं, ही मुळात माझ्या आईची चवळी आहे. मग त्यांना सांगितलं, आई कशी अळ्या वेचायची, आपण दोघी मिठाच्या पाण्याच्या वाट्या घेऊन तिच्यामागून कशा जायचो, आणि कुणाच्या वाटीत जास्त यावरून कशा भांडायचो. तूच जिंकायचीस. ते सांगितलं नाही.

आईनं स्वतःच्या हातानं मला मूठभर बी दिलं, असंही सांगितलं. तुलाही मी तेच सांगितलं होतं.

चोवीस एप्रिलला परवानगी समितीची बैठक आहे. तीन देशांची माणसं एका टेबलाशी बसणार. सात वर्षं मी या एका तारखेसाठी खपते आहे. त्यांनी हो म्हटलं की पुढच्या पेरणीला बी जाईल. चाळीस जणींना आधी, मग सगळीकडे.

एक गंमत राहिली. साध्या वाफ्यातही एक झाड शेंगांनी लगडलेलं निघालं. अळीचं लक्ष गेलं नसेल. भिंग त्याच्यापुढं आठ्या घालून उभी होती, गाडीचा हॉर्न वाजवला तरी हलेना. तिला चांगली बातमी पचत नाही.

आईचा बियांचा डबा आहे ना अजून? दरवर्षी लावतेस ना?

धाकटी


१७ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टाच्या पेटीत दोनदा पाहिलं.

मी आता दुसऱ्या देशात आहे. शेतकी कॉलेजचं सभागृह, पंखे करकरणारे, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मुलं खिडक्यांत बसलेली. मी चाळीस मिनिटं बोलले. कागद पाहिला नाही. एक गृहस्थ उठले, बहुधा प्राध्यापक. म्हणाले, “तुम्ही निसर्गात ढवळाढवळ करताय.” मी म्हटलं, “मी सात वर्षांत एकदा केली. अळी रोज करते.” टाळ्या. मला टाळ्या आवडतात हे तुला माहीत आहे. शाळेच्या नाटकात माझा संवाद संपला तरी मी रंगमंचावरून हलत नव्हते आणि तू विंगेतून माझी वेणी ओढलीस.

पुढं त्याच गृहस्थांनी नीट प्रश्न विचारला. “साधी आणि बदललेली यांत दुसरा कुठलाच फरक नाही हे कशावरून?” मी तक्ते दाखवले. पानं, प्रथिनं, दाण्याचं वजन, जनावरांना घातलेला चारा. एकशे बारा बाबी, प्रत्येक बाब मूळ चवळीशी ताडून पाहिलेली. मूळ चवळी म्हणजे आईची, जशीच्या तशी. ती आमच्या शीतखोलीत एका बरणीत असते. सगळी इमारत त्या बरणीवर उभी आहे, असं मी म्हटलं. गृहस्थ बसले. चेहऱ्यावरून वाटलं, पटलं असावं.

चार वर्षांपूर्वी पेपरात फोटो आला, माझ्या हातात रोप, खाली ‘सतरा नंबर’ असं लिहिलेलं. त्या दिवशी तू फोन केलास. म्हणालीस, “आईच्या चवळीला नंबर दिलास. आणि मला पेपरातून कळलं.” तुझं ते शेवटचं वाक्य. मी त्यावर बरंच बोलले, बहुधा सभागृहात बोलते तसंच. मधेच कधीतरी तू फोन ठेवला होतास.

आज दुपारी भिंगनं हॉटेलवर फोन केला. काहीतरी दाखवायचं आहे म्हणते, फोनवर सांगणार नाही. फक्त विचारलं, “मूळ बरणीतलं बी बाहेर कुणाला दिलंत का, बाई?” मी म्हटलं, छे, कुणाला देणार.

ताई, दोन वर्षांपूर्वी मी तुला एक पुडी पाठवली होती. चवळीची. आत चिठ्ठी होती. मिळाली का? पेरलीस का त्यातली? सहज विचारते आहे.

उद्या परत निघते.

धाकटी


२१ मार्च

ताई,

ती पुडी पेरू नकोस. डब्यात टाकू नकोस. टाकली असशील तर डब्याला हात लावू नकोस आणि मला कळव. एका ओळीत कळव. हो किंवा नाही एवढंच लिही.

कारण दोन दिवसांत लिहिते. हे पत्र जलद टपालानं पाठवते आहे.

धाकटी


२४ मार्च

ताई,

आता सगळं सांगते. ओळीनं सांगते, नाहीतर मला तक्त्यांमागं लपायची सवय आहे.

आमच्याकडं कागदाच्या पट्ट्या असतात. दाणा कुटून पाण्यात टाकायचा, त्यात पट्टी बुडवायची. पाच मिनिटांनी एक रेघ उमटली तर साधी चवळी. दोन उमटल्या तर माझी, अळीला मारणारी. साध्या वाफ्यातलं ते शेंगांनी लगडलेलं झाड भिंगच्या मनातून जाईना. तिनं त्याचं पान तपासलं. दोन रेघा. मग ती शीतखोलीत गेली, साध्या वाफ्यांचं बी जिथून गेलं त्या मूळ बरणीतले दोनशे दाणे काढले, एकेक कुटला. मी पोचले तेव्हा पट्ट्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या होत्या, वाळत घातल्यासारख्या.

“नऊ,” ती म्हणाली.

“पट्ट्या जुन्या असतील.”

“नवं पाकीट परवा फोडलं.”

“खलबत्ता धुतला नसेल कुणी.”

“मीच धुतला. दोनशे वेळा.” तिनं गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. “बाई, त्या बरणीत कुणी बी टाकतं का? काढणं वेगळं. टाकतं का?”

दारावर नियम लावलेला आहे. मूळ बरणीतून फक्त काढावं, तीत काहीही घालू नये. खाली माझी सही आहे.

मी टाकते. दरवर्षी. एक मूठ.

का, हे तुला सांगायला नको. बाकी सगळ्या जगाला सांगावं लागेल. आई पेरणीला डबा उपसायची, तळाला एक मूठ जुनी ठेवायची. काढणी झाली की नवी वर ओतायची आणि हातानं ढवळायची. सगळं एका वर्षाच्या भरवशावर ठेवायचं नाही, म्हणायची. कुठल्या वर्षी दाणा पोचट निघाला तर जुनं सांभाळून घेईल, जुनं मेलं तर नवं. मी सात वर्षं शिकवते की बियाण्याचा मूळ साठा बंद ठेवायचा असतो. आणि दरवर्षी काचघरातली साधी चवळी निघाली की मी शीतखोलीत एकटी जाते, मूठ ओतते आणि ढवळते. चूक आहे असं कधी मनातच आलं नाही. बरणी रिकामी होऊ द्यायची नाही, एवढंच डोक्यात. हात करतात, ताई.

तीन वर्षांपूर्वी काचघरातल्या दोन खोल्यांमधली जाळी फाटली होती. एका खोलीत साधी, दुसऱ्या खोलीत माझी. साध्यांच्या फुलांवर एक भुंगा सापडला. मी जाळी शिवून घेतली, वहीत नोंद केली आणि विसरले. त्या भुंग्यानं परागकण इकडचे तिकडे नेले. त्या वर्षीची मूठ मी नेहमीसारखी बरणीत ओतली. ढवळली.

दोन वर्षांपूर्वी त्याच बरणीतून तुझी पुडी भरली.

आईची चवळी तुला परत करते आहे, असं मला वाटलं होतं.

आता तू काय केलं असशील ते मला माहीत आहे. तू पुडी उघडलीस, चिठ्ठी वाचलीस, चिडलीस, आणि तरी दाणे डब्यात ओतून ढवळलेस. कारण दाणा फेकायचा नसतो. तू आईसारखीच आहेस. आणि तसं असेल तर आईची चवळी जशी होती तशी आता कुठंच नाही. गावातल्या बाकीच्यांनी ती केव्हाच सोडली. तुझा डबा आणि माझी बरणी, एवढ्या दोनच जागा होत्या.

आणखी एक. आईनं मला मूठ दिली नव्हती. तू चहा टाकायला गेली होतीस, आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी डबा उघडला, मूठ काढली, रुमालात बांधली. विचारायचं सुचलं नाही असं म्हणाले तर तेही खोटं. सुचलं होतं.

पुडी टाकलीस का डब्यात?

धाकटी


१२ एप्रिल

ताई,

तू लिहिणार नाहीस असं धरून चालते.

मी अजून समितीला सांगितलेलं नाही. संचालकांना सांगितलं. ते मला डॉक्टर म्हणतात आणि माझ्यावर त्यांची माया आहे, ती खोटी नाही. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, “ही भेसळ तुमच्या बाजूची नाही, डॉक्टर. तुमच्या विरुद्ध जाते. साध्या वाफ्यातली काही झाडं वाचली म्हणजे फरक कमी दिसला. खरा फरक याहून मोठा आहे. मग आपण लपवतोय काय? आपलाच मोठेपणा.”

“तक्त्यांचं काय? एकशे बारा बाबी त्याच बरणीशी ताडल्यात.”

“शंभरात चार-पाच दाणे. कुणाला दिसणार आहे?”

“भिंगला दिसलं.”

“तिला सगळंच दिसतं. परवानगी घ्या. मग सावकाश बरणी साफ करा. चाळीस बायका वाट बघतायत, त्यांना दोन हंगाम अळ्या वेचायला लावणार का तुम्ही?”

हे शेवटचं त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी मारलं. कारण परवा गटप्रमुखाचा फोन आला होता, दुभाष्याला मधे बसवून. त्यांनी जमिनी नांगरून ठेवल्यात. कुणी कुठं किती लावायची यावरून दोघींचं भांडणही झालंय. “डॉक्टरीणबाईंना सांग,” ती म्हणाली, “भांडण झालं म्हणजे काम होणार.” मी हसले. पोटातून हसले, खोटं नाही. मग भाषणाची तयारी केली. अठरा पानं आहेत, अकराव्या पानावर तिचा फोटो आहे, उकललेली शेंग हातात धरलेली. आरशापुढं बोलून पाहिलं. मी चांगली बोलते, ताई. मी इतकी चांगली बोलते की मधल्या मधल्या वेळात ती बरणी माझ्याही ध्यानात राहत नाही.

भिंगनं नोंदवहीत ‘नऊ’ लिहिलं आहे. शाईनं. मग माझ्यासमोर वही उघडी ठेवून डबा खायला गेली.

आज सकाळी दात घासताना एक हिशेब लागला. तुझा डबा बिघडला असेल या भीतीनं तीन आठवडे मी रोज पोस्टाची पेटी बघते आहे. तुझ्या डब्यात असले चार दाणे असले तर ते कुणालाच दिसणार नाहीत, आणि तरी मी तुला जलद टपालानं ओरडून सांगितलं, हात लावू नकोस. बरणीतही तेच चार दाणे आहेत. तिथं मी गप्प आहे. दोन्हीकडं मूठ माझीच.

बारा दिवस आहेत.

धाकटी


२५ एप्रिल

ताई,

सांगितलं.

लांबट टेबल, बारा माणसं, प्रत्येकापुढं झाकलेला पेला. मी पहिली तीन पानं अशी बोलले की टेबलाच्या टोकाचा माणूसही पुढं सरकून बसला. चौथ्या पानावर बरणीचा फोटो होता. तिथं थांबले. संचालक खाली बघायला लागले. त्यांना कळलं.

मी म्हटलं, “या बरणीत मी बी टाकलेलं आहे.”

अध्यक्ष म्हातारे आहेत, कानाला यंत्र. त्यांनी ते नीट बसवलं. “कुणी टाकलं म्हणालात?”

“मी. दरवर्षी एक मूठ.”

“नियम कुणाचा होता?”

“माझाच.”

“मग का टाकलंत?”

“माझी आई तसं करायची.”

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी पेल्यावरचं झाकण काढलं, पाणी प्यायले, झाकण परत ठेवलं. “माझी आई भोपळ्याच्या बिया राखेत घोळवून ठेवायची,” ते म्हणाले. “मी अजून ठेवतो. कशासाठी, माहीत नाही. पुढं बोला.”

मी पुढं बोलले. जाळी, भुंगा, नऊ पट्ट्या. भिंगची वही मी बरोबर नेली होती, ती टेबलावरून फिरली. एक तास प्रश्न झाले. काही प्रश्न कडक होते आणि ते तसेच हवे होते. मला सगळी उत्तरं येत होती, कारण कुठलंही उत्तर आठवून द्यायचं नव्हतं.

निर्णय असा. अर्ज फेटाळला नाही, थांबवला. शुद्ध मूळ बी मिळालं तर तक्ते नव्यानं करायचे, दोन हंगाम. न मिळालं तर सतरा नंबर बाद. ताडून पाहायला काहीच उरत नाही.

“शुद्ध मूळ बी आहे का कुठं?” अध्यक्षांनी विचारलं.

“असेल तर बहिणीच्या डब्यात.”

“मग मागवा.”

“आमचं बोलणं नाही.”

चिटणीस बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. “हे इतिवृत्तात घ्यायचं का?” अध्यक्ष म्हणाले, “घ्या. महत्त्वाचं आहे.” तेव्हा आपलं बोलणं नाही हे आता तीन देशांच्या दफ्तरी नोंदलेलं आहे.

बाहेर येऊन जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. पन्नाशीत. खाली भिंग बसली होती, तिनं विचारलं, “पडला का अर्ज?” मी म्हटलं, “लटकला.” ती म्हणाली, “लटकलेलं बरं. पडलेलं उचलायला मला वाकता येत नाही.” आणि आम्ही दोघी रस्त्यावर उभ्या राहून हसलो. लोक वळून बघत होते.

मग मी गटप्रमुखाला फोन केला. हा फोन मात्र मला दुसऱ्या कुणावर ढकलायचा होता. मी सगळं सांगितलं, तुझ्या डब्यापर्यंत; दुभाष्या भाषांतर करताना अडखळत होता. मग ती म्हणाली, “दोन हंगाम थांबायला अळीला सांगा.”

मी म्हटलं, माझं चुकलं.

“चुकलंच. आम्ही जमीन नांगरली.” आणि लगेच, “यंदा आमचीच लावतो. वेचू. पण भांडण मिटवलं होतं ते आता पुन्हा करावं लागणार.” मग विचारलं, “ती बहीण मोठी की धाकटी?”

“मोठी.”

“मग देईल. पण रडवून देईल.”

म्हणून आता मागते, ताई. पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारून मागते. मी डबा न्यायला येणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी समितीला ‘नाही’ लिहून कळवीन, का ते लिहिणार नाही. पुडी तू डब्यात ओतली असशील तर तोही दोष माझाच, आणि तेही मी लिहीन. पण नसशील ओतली, आणि एक मूठ देता आली, तर दे.

नाही दिलीस तरी एक कर. डबा सांभाळ.

धाकटी


१४ मे

ताई,

तुझं पार्सल तीस एप्रिलला आलं. तेव्हाच लिहिलं नाही, कारण लिहिण्याजोगं काही हातात यायला दोन आठवडे लागणार होते. आता सगळं एकदम सांगते.

खोकं मी ऑफिसात उघडलं नाही, प्रयोगशाळेत नेलं. हात धुतले. भिंग दार लावून आत आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. सुतळीच्या गाठी तुझ्याच. तिनं कात्री पुढं केली, मी घेतली नाही, नखांनी सोडवल्या.

आत एका कापडात बांधलेली मूठ. त्याखाली माझी पुडी. तीच, दोन वर्षांपूर्वीची. चिकटपट्टी जशीच्या तशी. माझ्या अक्षरात तुझा पत्ता, टपालाचा शिक्का, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. फोडलेली नाही.

मी पुडी उलटसुलट करून चारही कडा पाहिल्या.

तुझं पत्र भिंगला वाचून दाखवलं. रागावू नकोस, तिचा हक्क होता. इथं उतरून काढते, कारण मला ते पुन्हा लिहायचं आहे:

‘सगळी पत्रं मिळाली. पहिलं फाडलं होतं, मग चिकटवलं. पुडी फोडली नाही. तुझं काही उघडायचं नाही असं ठरवलं होतं. फेकणार होते, पण आत दाणे वाजत होते. कपाटावर ठेवली, तेलाच्या बरणीमागं. डब्यात काही गेलेलं नाही.

‘मूठ तू घेतलीस हे आईला त्याच दिवशी कळलं. डबा उचलून म्हणाली, हलका लागतोय. मी म्हटलं, धाकटीनंच नेलं असेल, विचारते तिला. म्हणाली, राहू दे, तिची मूठ मोठी आहे पण लावील कुठंतरी. मग हसली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझा राग तिथंच संपला असता, आणि तो मला इतक्यात संपवायचा नव्हता.

‘या वेळी विचारलंस. म्हणून दिली. मोजून दिलेली नाही, माझ्या मुठीत मावली तेवढी आहे. डब्यात जुनी ठेवली आहे. त्या उंच बाईला सांग, मी कुणाला रडवत नाही.

‘पुडीत चिठ्ठी होती म्हणतेस. ती माझ्या नावाची आहे. बी तुझ्याकडं ठेव. चिठ्ठी पाठव.’

भिंगनं नाक शिंकरलं आणि म्हणाली, “चला, कुंड्या भरू.”

तुझ्या मुठीत दोनशे सदुसष्ट दाणे होते. कुटले नाहीत. एकही कुटायचा नव्हता. वेगळ्या खोलीत एकेका कुंडीत एकेक लावला, जाळी दुहेरी, दाराला कुलूप, किल्ली भिंगकडं. तीन उगवले नाहीत. बाकीच्यांची पानं काल तळहाताएवढी झाली. आज सकाळी आठला आम्ही प्रत्येक रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा घेतला आणि पट्ट्या मांडायला सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं मी घड्याळाकडं बघत होते, भिंग माझ्याकडं.

एक रेघ.

दुसरी पट्टी, एक रेघ. दहा झाल्या, पन्नास झाल्या. टेबल संपलं, आम्ही खिडकीच्या कठड्यावर मांडल्या, मग जमिनीवर वर्तमानपत्र घालून. संचालक दारात येऊन उभे राहिले, आत यायला जागा नव्हती. म्हणाले, “किती?” भिंग म्हणाली, “बोलू नका, मोजतेय.” ते बूट काढून आत आले आणि उकिडवे बसून पट्ट्या सरळ करायला लागले. दुपारी एकला दोनशे चौसष्टावी पट्टी. एक रेघ.

दोनशे चौसष्ट, ताई, आणि दुसरी रेघ कुठेच नाही. आईची चवळी आहे. जशी होती तशी आहे. तुझ्या रागानं ती वाचली. मी तुला दिलेली एकच भेट तू उघडली नाहीस म्हणून वाचली.

पुडीतलंही बी तपासलं. शंभर दाण्यांत सहा. ती ओतली असतीस तर गेलंच होतं सगळं.

पेरणी या रोपांच्या शेंगा वाळल्यावर, ऑगस्टात. या वेळची बरणी भिंग भरणार आणि झाकणावर लाखेची मोहोरही तीच करणार; हे सांगून ती माझ्याकडं बघत म्हणाली, “बाई, तुमच्या हाताला काम पाहिजे असेल तर दुसरी बरणी देते.” दिली खरंच. ती माझ्या खिडकीत आहे. प्रयोगाची नाही, खायची. तिच्यात मी हवं ते ओतीन.

गटप्रमुखाला तुझा निरोप दिला. ती म्हणाली, “पत्र वाचून ही रडली की नाही ते विचार.” दुभाष्यानं मला विचारलं. मी म्हटलं, तिला सांग, शेंगा मोज.

पुडी आज फोडली. चिठ्ठी सोबत आहे. एकही अक्षर बदललेलं नाही, खोडलेलं नाही. पाच ओळी आहेत. दुसरी खोटी आहे, आईनं हातानं दिली असं लिहिलेली. वाचली असतीस तर ते तुला तेव्हाच कळलं असतं. बाकीच्या चार तेव्हाही खऱ्या होत्या.

धाकटी